एका हार्ड डिस्कवर दोन बिऱ्हाडे

बोळिंजमध्ये जुनी बैठी घरे आहेत, तशा म्हाडाच्या उंच इमारतीही आहेत. घर कुठलेही असो, एक चित्र पुष्कळ ठिकाणी सारखेच दिसते. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात एक टेबल, त्यावर आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक आणि त्यावर हक्क सांगणारी घरातली चार माणसे. अब्बांना दुकानाचा हिशेब टॅलीत घालायचा असतो. कोणी उर्दू टायपिंगची कामे घेत असेल, तर निकाहच्या पत्रिका आणि जलशाची हँडबिले इनपेजमध्ये तयार होतात. इंजिनिअरिंगला शिकणाऱ्या मुलीला लिनक्सवर प्रोग्रॅम लिहायचे असतात. धाकट्याला बालभारतीची पुस्तके उघडायची असतात. आणि याच संगणकात घरातल्या लग्नांचे फोटो, हजला जाऊन आलेल्या दादांचे व्हिडिओ, शाळा सोडल्याचे दाखले, आधार आणि सातबाराच्या प्रती साठवलेल्या असतात.

या घरांपुढे आता एक नवा प्रश्न आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. म्हणजे संगणक बंद पडला असे नाही, तो पूर्वीसारखाच चालतो. पण त्यातल्या सुरक्षेच्या उणिवा बुजवणारी दुरुस्ती आता आपोआप मिळत नाही. घरगुती ग्राहकांसाठी नोंदणी करून आणखी एक वर्ष, म्हणजे १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, ही दुरुस्ती मिळण्याची सोय ठेवली आहे. त्यापुढे काय? विंडोज ११ घालावे म्हटले, तर त्यासाठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही ठरलेल्या यादीतला लागतो. काही अपवाद सोडले तर इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. चांगला चालणारा संगणक असा अचानक 'जुना' ठरतो.

अशा वेळी घरात दोन मते पडतात. एक म्हणतो, भंगारात काढा आणि नवीन घ्या. दुसरा म्हणतो, मोफत मिळणारे लिनक्स घाला आणि विंडोज काढून टाका. पहिल्यात खर्च आहे. दुसऱ्यात अब्बांची टॅली आणि इनपेजचे काम अडते, कारण हे दोन्ही विंडोजसाठी बनलेले आहेत. तिसरा मार्ग फार कमी लोकांना ठाऊक असतो. एकाच हार्ड डिस्कचे भाग पाडून एका भागात विंडोज, दुसऱ्या भागात लिनक्स आणि तिसऱ्या भागात सगळ्या घराच्या फाइली ठेवता येतात. संगणक सुरू केला की तो विचारतो, आज कोणाकडे जायचे? जुनी कामे विंडोजमध्ये, इंटरनेट आणि अभ्यास लिनक्समध्ये, आणि कागदपत्रे व फोटो दोघांनाही दिसतील असे मधल्या दालनात. आम्ही या लेखात हाच मार्ग समजावून सांगणार आहोत. त्यातले धोकेही सांगणार आहोत, कारण ही वाटणी घाईने केली तर घराची वर्षानुवर्षांची ठेव एका क्लिकमध्ये जाते.

वाटणी म्हणजे नेमके काय?

'पार्टिशन' हा शब्द नवा वाटला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. 'माय कॉम्प्युटर' उघडल्यावर सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, ई ड्राइव्ह असे दिसते. पुष्कळांना वाटते की आत तीन वेगळ्या डिस्क आहेत. बहुतेक घरांत डिस्क एकच असते, तिचे भाग मात्र तीन केलेले असतात. डिस्कच्या सुरुवातीला एक लहानसा तक्ता असतो. कोणता भाग कुठे सुरू होतो आणि किती मोठा आहे, एवढेच त्यात लिहिलेले असते. जमिनीच्या नकाशावर गट पाडावेत तसे. नकाशा शाबूत तोवर सगळे ठीक. नकाशा बिघडला तर फाइली डिस्कवर असूनही संगणकाला सापडत नाहीत.

ही सोय जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९८३ साली पीसी एक्सटी हा संगणक १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह बाजारात आणला. त्याच्याबरोबरच्या डॉस २.० मध्ये डिस्कचे चार भाग पाडण्याची तरतूद होती. एकाच डिस्कवर डॉसबरोबर दुसरी एखादी कार्यप्रणाली राहावी, हा त्यामागचा हेतू होता. म्हणजे एका डिस्कवर दोन बिऱ्हाडे ठेवण्याचा विचार मुळातच या व्यवस्थेत होता. त्या काळातला तो तक्ता 'एमबीआर' नावाने अजूनही जुन्या संगणकांत आढळतो. त्यात मुख्य भाग चारच करता येतात आणि नेहमीच्या डिस्कवर २ टेराबाइटपर्यंतचीच जागा तो ओळखतो. नव्या संगणकांत 'जीपीटी' हा तक्ता असतो. विंडोज त्यात १२८ भागांची मुभा देते. आपल्या घरी यातला कोणता आहे हे आधी पाहावे लागते. ते कसे पाहायचे ते पुढे येईल.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करावा. ५०० जीबीची डिस्क घेतली आणि संगणकात ४६५ जीबीच दिसली, की दुकानदाराने फसवले असे वाटते. फसवणूक नसते. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. माल तेवढाच, मापे दोन. वाटणीचा हिशेब मांडताना ४६५ हाच आकडा धरावा.

दोघांची भाषा वेगळी

विंडोज आपल्या फाइली 'एनटीएफएस' या पद्धतीने रचते, लिनक्स बहुधा 'एक्स्ट-४' या पद्धतीने. लिनक्सला एनटीएफएस वाचता येते आणि त्यावर लिहिताही येते. विंडोजला मात्र एक्स्ट-४ आपणहून वाचता येत नाही. म्हणून घराच्या समाईक फाइली कुठे ठेवायच्या याचे उत्तर सोपे आहे. त्या एनटीएफएसच्या भागात ठेवाव्यात, म्हणजे दोघांनाही त्या दिसतील. जुना एफएटी-३२ हा प्रकारही दोघांना कळतो, पण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. निकाहचा संपूर्ण व्हिडिओ तिथेच अडतो.

५०० जीबीच्या डिस्कसाठी आम्ही अशी वाटणी सुचवू : विंडोजला १५० जीबी, लिनक्सला ६० जीबी आणि समाईक दालनाला उरलेले सुमारे २५० जीबी. २५६ जीबीची एसएसडी असेल तर ती २३८ जीबी दिसते. तिथे विंडोजला ११०, लिनक्सला ४५ आणि समाईक दालनाला ८० जीबी पुरेसे होतात. लिनक्स मिंट ही घरगुती वापराला सोपी पडणारी आवृत्ती किमान २० जीबी जागा आणि २ जीबी रॅम मागते, पण ४ जीबी रॅम असेल तरच काम सुखाने होते. एवढ्या किमान जागेवर मात्र बसवू नये. पुढच्या अपडेटला जागा उरत नाही आणि मग पुन्हा वाटणी करावी लागते.

आधी ठेव सुरक्षित करा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. घरातला संगणक दुरुस्तीला नेला की पुष्कळदा एकच सल्ला मिळतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' डेटा हवा आहे का, हे विचारले जातेच असे नाही. घरी आल्यावर कळते की संगणक वेगात चालतो आहे, पण वालिदांचा आवाज असलेली एकमेव रेकॉर्डिंग गेली. संगणक पुन्हा विकत घेता येतो. ती रेकॉर्डिंग कुठल्याच दुकानात मिळत नाही. म्हणून वाटणीला हात लावण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांना बसवून विचारावे, 'यात कोणाचे काय आहे?' अम्मीच्या पाककृतींची फाइल, भाईजानचे अनुभवाचे दाखले, टॅलीचा डेटा, इनपेजच्या जुन्या फाइली, अशी यादी करावी. प्रत्येकाची ठेव ही अमानत आहे असे समजून ती बाहेर काढून ठेवावी.

प्रत एक नको, दोन हव्यात. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि दुसरी शक्यतो घराबाहेर, म्हणजे नातेवाइकांकडे किंवा ऑनलाइन साठवणुकीत. वसईकरांना याचे कारण सांगायला नको. जुलै २०१८ च्या पावसात वसई, नालासोपारा, विरारमध्ये पाणी भरले, लोकल थांबल्या, वीज गेली. तळमजल्यावरच्या घरात संगणक आणि त्याची बॅकअप डिस्क एकाच टेबलाखाली असतील, तर पाणी दोन्हींपर्यंत एकाच वेळी पोहोचते. प्रत घेतल्यावर ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावी. दहा-वीस फोटो, एखादा व्हिडिओ, टॅलीचा बॅकअप उघडतो का, याची खात्री होईपर्यंत पुढे जाऊ नये.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली प्रत ही प्रत नव्हे. सी आणि डी एकाच डिस्कचे भाग आहेत, डिस्क गेली की दोन्ही जातात.

पूर्वतयारी

पहिले, संगणक कोणत्या पद्धतीने सुरू होतो ते पाहावे. विंडोजमध्ये 'सिस्टीम इन्फर्मेशन' उघडल्यावर 'बायोस मोड' अशी ओळ दिसते. तिथे 'युईएफआय' किंवा 'लेगसी' लिहिलेले असते. लिनक्सही त्याच पद्धतीने बसवायचे. एक युईएफआयने आणि दुसरे लेगसीने बसवले, तर सुरुवातीला विचारणारा मेनू दोघांना एकत्र दाखवू शकत नाही. सहसा युईएफआय असेल तिथे जीपीटी तक्ता असतो आणि लेगसी असेल तिथे एमबीआर. 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये डिस्कच्या नावावर उजवे क्लिक करून 'प्रॉपर्टीज'मध्ये गेले की याची खात्री होते.

दुसरे, एमबीआरच्या डिस्कवर चार मुख्य भाग आधीच झालेले असतील आणि तुम्ही पाचवा करू गेलात, तर विंडोज डिस्क 'डायनॅमिक' करू का असे विचारते. तिथे थांबावे आणि 'नाही' म्हणावे. डायनॅमिक डिस्कवर लिनक्स बसवणे हे डोकेदुखीचे काम आहे. त्याऐवजी एखादा रिकामा केलेला भाग काढून ती जागा मोकळी करावी.

तिसरे, 'फास्ट स्टार्टअप' बंद करावे. विंडोज १० मध्ये 'शट डाउन' दाबले तरी ते पूर्ण बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून अर्धे काम लिहून ठेवून ते झोपी जाते. त्याचे दप्तर उघडेच असते. अशा वेळी लिनक्सने त्याच भागात काही लिहिले, तर जागे झालेल्या विंडोजचा हिशेब जुळत नाही आणि फाइली बिघडतात. म्हणूनच लिनक्स अशा भागात लिहायला नकार देते आणि लोक म्हणतात, 'डी ड्राइव्हवर सेव्हच होत नाही.' कंट्रोल पॅनलमधील 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये, पॉवरच्या बटणाने काय करायचे त्या पानावर ही खूण काढता येते.

चौथे, काही लॅपटॉपमध्ये डिस्क 'बिटलॉकर'ने कुलूपबंद असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. वाटणीनंतर विंडोज ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली आधीच कागदावर उतरवून घ्यावी किंवा कुलूप तात्पुरते काढावे.

पाचवे, वीज. भाग लहान-मोठे होत असताना वीज गेली तर नकाशा अर्धवट राहतो. पावसाळ्यात तर हे काम जपूनच करावे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून, चार्जर लावून बसावे. डेस्कटॉपला यूपीएस असल्याखेरीज हात घालू नये.

प्रत्यक्ष वाटणी

विंडोजचा भाग लहान करायचा तो विंडोजच्याच 'डिस्क मॅनेजमेंट'मधून. सी ड्राइव्हवर उजवे क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' निवडावे आणि किती जागा मोकळी करायची ते मेगाबाइटमध्ये लिहावे. आकडा काढताना १ जीबी म्हणजे १०२४ एमबी धरावे. पुष्कळदा भरपूर जागा रिकामी दिसूनही विंडोज थोडीच जागा सोडते. डिस्कच्या मध्यावर न हलणाऱ्या काही फाइली बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. हायबरनेशन बंद करून, संगणक पुन्हा सुरू करून, परत प्रयत्न केला की बहुधा जागा सुटते. मोकळ्या झालेल्या जागेतून समाईक दालनाचा भाग इथेच एनटीएफएसमध्ये तयार करून त्याला 'घर' असे नाव द्यावे. लिनक्सची जागा तशीच मोकळी सोडावी.

आता लिनक्स. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ते उतरवून घेता येते. रूफस किंवा व्हेंटॉय ही मोफत साधने त्यासाठी चालतात. पेन ड्राइव्हवरची आधीची सामग्री पुसली जाते, हे विसरू नये. मग संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करावा. इथे लिनक्सचा एक मोठेपणा दिसतो. डिस्कवर काहीही न बसवता ते पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. वायफाय लागतो का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखतो का, मराठी आणि उर्दू नीट दिसते का, हे सगळे एक-दोन दिवस तपासावे. घरच्यांना वापरायला द्यावे. जमले नाही, तर पेन ड्राइव्ह काढला की संगणक पूर्वीसारखाच.

सगळे ठीक वाटले तरच 'इन्स्टॉल' दाबावे. मग एक पान येते, त्यावर सारे काही ठरते. तिथे साधारण तीन पर्याय असतात : विंडोजच्या शेजारी बसवा, डिस्क पुसून बसवा, किंवा काही वेगळे. डिस्क पुसण्याचा पर्याय चुकूनही निवडू नये. तो सगळे पुसतो, समाईक दालनासकट. 'काही वेगळे' निवडून आपण मोकळी सोडलेली जागाच दाखवावी. युईएफआयच्या संगणकात 'ईएफआय' नावाचा १०० एमबीचा किंवा त्याहून थोडा मोठा भाग आधीच असतो. दोन्ही कार्यप्रणालींच्या दारांच्या चाव्या त्यात राहतात. तो वापरायचा, पण फॉरमॅट करायचा नाही. शेवटी कोणते भाग बदलणार याची यादी समोर येते. ती घरातल्या दोघांनी मिळून मोठ्याने वाचावी, मगच होकार द्यावा.

यानंतर संगणक सुरू केला की 'ग्रब' नावाचा मेनू दिसतो. त्यात लिनक्स आणि विंडोज दोन्ही असतात. बाणाच्या बटणाने निवडायचे. विंडोज आधी आणि लिनक्स नंतर, हा बसवण्याचा क्रम पाळावा. जुन्या पद्धतीच्या संगणकात विंडोज नंतर बसवले, तर ते लिनक्सचा मेनू पुसून टाकते. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर मेनू न दिसता थेट विंडोज सुरू झाले तर घाबरू नये. लिनक्स बहुधा जागेवरच असते, बायोसमध्ये सुरू होण्याचा क्रम तेवढा बदलावा लागतो.

एकत्र नांदताना

घड्याळाचा घोळ हमखास होतो. संगणकाच्या आतल्या घड्याळात विंडोज भारताची वेळ ठेवते, तर लिनक्स जागतिक वेळ ठेवते. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक आहे. लिनक्स वापरून नंतर विंडोज सुरू केले, की दुपारी एक वाजता घड्याळ सकाळचे साडेसात दाखवते. संगणकात अजानचे सॉफ्टवेअर असेल तर जोहरची अजान भलत्याच वेळी ऐकू येते. टॅलीतल्या नोंदींवरची वेळ आणि क्वचित तारीखही चुकते. लिनक्सला 'तूही भारताची वेळ ठेव' असे एकदा सांगितले की हा घोळ मिटतो. ते एका ओळीच्या आज्ञेने होते. घरातली शिकणारी मुले ते सहज करतील.

समाईक दालनात फाइलींना नावे देताना विसर्गासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, चांदणी अशी चिन्हे वापरू नयेत. लिनक्स ती चालवून घेते, विंडोजला चालत नाहीत. मराठीचेही पाहावे. शिवाजी, कृतीदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या जागी इंग्रजी अक्षरांच्या कचऱ्यासारखा दिसतो. नवीन काम युनिकोडमध्येच करावे, म्हणजे ते दोन्हीकडे सारखे दिसते. इनस्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे मिळतो. उर्दूसाठी लिनक्सवर नोटो नस्तालिक हा मोफत फॉन्ट वापरता येतो. साधे पत्र, अर्ज, शाळेचा निबंध त्यात छान होतो. मात्र इनपेजच्या जुन्या फाइली लिबर ऑफिसमध्ये थेट उघडत नाहीत. छापखान्याचे काम करणाऱ्यांनी विंडोजचा भाग म्हणूनच सांभाळून ठेवावा.

तो सांभाळताना एक नियम घालून घ्यावा. सुरक्षेची दुरुस्ती बंद झाल्यावर विंडोज १० मधून बँकेचे व्यवहार, ई-मेल, अनोळखी संकेतस्थळे हे सगळे थांबवावे. ही कामे लिनक्समध्ये करावीत. टॅलीतून जीएसटीचे विवरण तयार करून ते समाईक दालनात ठेवावे आणि लिनक्समध्ये येऊन ब्राउझरमधून भरावे. दोन बिऱ्हाडांचा खरा फायदा हाच आहे.

खासगीपणाबद्दल एक इशारा. दोन भागांच्या मधे भिंत आहे, कुलूप नाही. विंडोजला पासवर्ड असला तरी लिनक्समध्ये बसलेला माणूस विंडोजच्या भागातल्या फाइली उघडू शकतो, त्या कुलूपबंद केलेल्या नसतील तर. घरात सून आहे, मोठी मुले आहेत, प्रत्येकाचे काही खासगी असते. म्हणून प्रत्येकाचे वेगळे खाते करावे आणि नाजूक कागदपत्रे पासवर्ड लावलेल्या फाइलीत ठेवावीत.

परवान्याचाही विचार करावा. पुष्कळ संगणकांत विंडोज किंवा टायपिंगचे सॉफ्टवेअर परवान्याविना, 'क्रॅक' करून टाकलेले असते. कोणाच्या मेहनतीचे मोल न देता ते वापरणे योग्य नाही, हे आपण जाणतोच. शिवाय त्या क्रॅकबरोबर व्हायरस येतो तो वेगळाच. लिनक्स मात्र वापरायला, शिकायला आणि दुसऱ्याला नक्कल करून द्यायला त्याच्या कर्त्यांनीच मोकळे ठेवले आहे. शेजाऱ्याला पेन ड्राइव्ह दिला, तर त्यात कोणाचा हक्क मारला जात नाही.

लिनक्स परके नाही

लिनक्स म्हणजे फक्त तज्ज्ञांचे काम, ही भीती आता सोडायला हरकत नाही. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्स निवडले गेले. केरळच्या सरकारी शाळांतली मुले त्यावरच संगणक शिकतात. सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय आवृत्ती तयार केली, त्यात मराठी आणि उर्दू दोन्ही चालतात. शिकायचे कुठे, हा प्रश्न उरतो. पवईच्या आयआयटी मुंबईने 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पात लिनक्स, लिबर ऑफिस आणि इतर मोफत सॉफ्टवेअरचे लहान लहान व्हिडिओ-पाठ बनवले आहेत. त्यांतले पुष्कळ पाठ मराठीत ऐकता येतात आणि ते विनामूल्य आहेत. अम्मींना घरी बसल्या शिकायचे असेल, तर यापेक्षा सोपी सुरुवात नाही.

कोणी ही वाटणी करू नये?

तुमचा संगणक विंडोज ११ घेऊ शकत असेल आणि लिनक्सची गरज नसेल, तर सरळ विंडोज ११ घ्यावे. घरात टॅली, इनपेजसारखे काही नसेल, फक्त इंटरनेट आणि अभ्यास असेल, तर दोन बिऱ्हाडांची कटकट कशाला? एकटे लिनक्स पुरे. डिस्क १२० जीबीपेक्षा लहान असेल तर दोघांचीही गैरसोय होते. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाइली उघडायला फार वेळ लागत असेल, तर ती डिस्क शेवटच्या घटका मोजते आहे. तिची वाटणी करू नये, फाइली तेवढ्या आधी बाहेर काढाव्यात. डेस्कटॉपमध्ये दुसरी एसएसडी लावायची ऐपत असेल, तर लिनक्स तिच्यावर स्वतंत्र बसवणे सगळ्यात निर्धोक. मग जुन्या डिस्कला हात लावायचीही गरज नाही. विंडोजच्या पोटातच लिनक्स चालवण्याचीही एक रीत आहे. त्यासाठी ८ जीबी किंवा जास्त रॅम हवी, आणि विंडोज जुने झाल्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

वाटणी मोडायची झाली तरी घाई नको. लिनक्स नको म्हणून त्याचा भाग डिलीट केला, तर जुन्या पद्धतीच्या संगणकात मेनूही जातो आणि पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर संगणक अडकतो. आधी विंडोजचा स्वतःचा बूट दुरुस्त करून घ्यावा, मग भाग काढावा.

हे सगळे वाचून अवघड वाटले, तर एका सुट्टीच्या दिवशी तीन कामे तेवढी करा. घरातल्या सगळ्यांच्या फाइलींची यादी करा. त्यांच्या दोन प्रती काढून उघडून पाहा. आणि एका पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवून घरच्यांना दाखवा. यात डिस्कला कुठेही धक्का लागत नाही. वाटणी पुढच्या महिन्यात केली तरी चालेल, आणि केलीच नाही तरी त्या दोन प्रती घराच्या उपयोगीच पडतील.